चितारआळीची खेळणी

सावंतवाडीत मोती तलावापासून थोडं चालत गेलं की चितारआळी लागते. दुकानांच्या दारात लाकडी केळ्यांचे घड, वांगी, मिरच्या टांगलेल्या असतात. आत फळीवर जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, रवी, अख्खा संसार तळहातावर मावेल असा मांडलेला. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या कितीतरी कोकणी मुलांच्या हाती पहिलं खेळणं आलं ते इथलंच. मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी मुंबईला परतताना आंब्यांच्या पेटीबरोबर भातुकली आणि भोवराही नेत असे.

ही खेळणी घडवली चितारी कारागिरांनी. देव्हारे, लग्नाचे पाट आणि गणपतीच्या मूर्ती रंगवणारे हातही त्यांचेच. त्यांच्या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय मिळाला. दशावतारी गंजिफाचे पत्तेही इथे घडतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120 पानं. ही कला विझू लागली तेव्हा संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला जगवलं.

खेळण्यांसाठी लाकूड पांगाऱ्याचं. झाड काटेरी, फुलं लालभडक, लाकूड मात्र मऊ आणि वजनाला हलकं, म्हणून लहान मुलाला सहज उचलता येणारं. भोवरा करताना तुकडा कातावर, म्हणजे लेथवर, गरगर फिरत असतो. पटाशी लावून त्याला आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर रंगाची पट्टी चढते. वर केवड्याच्या पातीने घोटलं की चकाकी येते. शेवटी टोकाला लोखंडी आर बसली की भोवरा जाळीची वाट पाहायला मोकळा.

फळं मात्र हाताने कोरायची आणि कुंचल्याने रंगवायची. इथे कारागिराची नजर कळते. आंब्याच्या देठाजवळ उतरलेली लाली आणि सीताफळाचा प्रत्येक डोळा नेमक्या जागी हवा.

पुढे स्वस्त प्लास्टिक आलं. पांगाराही पूर्वीसारखा मिळेना, तशी आंब्यासारखी दुसरी लाकडं वापरात आली. कष्टाच्या मानाने मोबदला तुटपुंजा, त्यामुळे नवी पिढी या कामाकडे वळायला कचरते. खेळण्यांची फळं आता दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात जाऊन बसली आहेत. शोभेमुळे कारागिराला गिऱ्हाईक मिळतं, हे खरंच. पण ज्या मुलाने लाकडी जातं कधी फिरवलंच नाही, ते मोठं झाल्यावर चितारआळीची वाट कशाला धरेल?

म्हणून कोकणात जाल तेव्हा सावंतवाडीला जरूर उतरा. भातुकलीचा एक संच घ्या, घासाघीस करू नका आणि घरी आल्यावर तो कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्या.