सिगारेटचा धूर आणि आपले रक्त

सिगारेटचा धूर फुफ्फुसात जातो हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्यातले घटक पुढे रक्तातही उतरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. ही तूट भरायला शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं. त्यामुळे रक्त दाट होतं, गुठळीचा धोका वाढतो. धुरातले मुक्त मूलक पेशींना इजा करतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. त्यांना आवरताना क जीवनसत्त्व खर्ची पडतं.

मग आवळा खाल्ला की झालं? नाही! कार्बन मोनॉक्साइड त्याने हटत नाही. सिगारेट सोडली, तर मात्र एक-दोन दिवसांत तो रक्तातून निघून जातो. घरात कुणी ओढत असेल, तर त्यांना एवढं नक्की सांगा.