विशेष गरजांचे विद्यार्थी आणि शिक्षकाची सिद्धता : मूल-गडचिरोली परिसराच्या संदर्भात

शिक्षकाने प्रश्न विचारला आणि विद्यार्थी गप्प राहिला, तर त्या मौनाचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षक कसा तयार करावा, या विषयाचे मूळ तेथेच आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तर हा अर्थ लावणे अधिकच कठीण होय. कारण तेथे एकाच लक्षणामागे परस्परांहून सर्वथा भिन्न कारणे संभवतात. ती वेगळी कशी ओळखावी आणि त्यासाठी प्रशिक्षणात कोणता पालट हवा, एवढाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि सिकलसेल आजार या दोहोंचा समावेश आहे. अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखली जावी, ही जबाबदारीही त्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांवर टाकली. २०२२ साली केंद्र शासनाने विशेष शिक्षकांचे प्रमाण अधिसूचित केले : प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे एक, उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक. तथापि जंगलातील लहानशा गावच्या द्विशिक्षकी शाळेत असे विद्यार्थी एक किंवा दोनच असावयाचे. तेथे विशेष शिक्षक अधूनमधूनच येऊ शकतो. रोजचे निरीक्षण सामान्य शिक्षकालाच करावे लागते.

आता मौनाच्या कारणांकडे वळू. पहिले कारण भाषेचे. मूल तालुका झाडीबोलीच्या प्रदेशात मोडतो. या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. म्हणून तेथील विद्यार्थी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहितो. ही चूक प्रत्येक वेळी त्याच रीतीने होते, कारण तिच्यामागे बोलीचा नियम आहे. याउलट अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याच्या लेखनात बोलीच्या नियमाने उलगडणार नाहीत अशा चुका आढळतात. एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला जातो, अक्षरे गळतात, मात्रा व वेलांट्या जागा बदलतात आणि पुष्कळ सराव होऊनही वाचन अडखळतच राहते. लाल शाईची खूण मात्र दोघांच्या वहीत सारखीच उमटते.

मूलहून सावलीमार्गे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेले आणि पुढे धानोरा, एटापल्ली, भामरागड यांच्या दिशेने निघाले, की गोंडी व माडिया बोलणारी गावे लागतात. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्यात नामांचे पुल्लिंगी व पुल्लिंगेतर असे दोनच वर्ग आहेत. मराठीत लिंगे तीन. त्या घरातून आलेला बालक मराठी क्रियापदाच्या लिंगात चुकला किंवा चूक टाळण्यासाठी गप्प बसला, तर ते बुद्धीचे न्यून नव्हे. येथे शिक्षकाला एक कसोटी उपयोगी पडते. अडचण मराठीपुरतीच असेल, तर ती बहुधा भाषेची; ती मातृभाषेतही दिसत असेल, तर तिचे कारण अधिक खोल असावे. शिक्षकाला गोंडी येत नसली तरी ही कसोटी लावता येते. बालक घरी गोष्ट सांगतो काय, लागोपाठ सांगितलेली तीन कामे क्रमाने करतो काय, भावंडांच्या मानाने त्याला बोलणे उशिरा आले काय, हे त्याच्या आईला किंवा आजीला विचारावे.

या कसोटीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते. पहिली-दुसरीच्या वर्षांत शिक्षकाची नोंद हाच मुख्य आधार असतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी जी वाचनदोष-चाचणी प्रथम सिद्ध केली, ती हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत होती. गोंडी त्यांत नव्हती. केवळ मराठीतून तपासलेला गोंडीभाषक बालक नाहक अक्षम ठरण्याचा धोका त्यामुळे स्पष्ट दिसतो.

दुसरे कारण शरीराचे. या परिसरात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. पाण्याची कमतरता, थंडी, ताप आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका ओढवतो. अशा विद्यार्थ्याचे मूत्रपिंड पाणी नीट राखू शकत नाही. म्हणून त्याला वारंवार लघवीस जावे लागते. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात नकळत बाधा आल्यास अवधानही मंदावते. हे ठाऊक नसलेला शिक्षक त्याला आळशी, कामचुकार ठरवितो. ठाऊक असलेला त्याच्याजवळ पाण्याची बाटली ठेवू देतो, बाहेर जाण्यास अडवीत नाही आणि बुडालेले पाठ पुन्हा घेतो. कान वाहण्याने आलेल्या सौम्य बहिरेपणाचेही असेच आहे. त्या विद्यार्थ्याचे मौन पहिल्या बाकावर बसविल्याने कमी होते काय, हे आठवडाभरात दिसून येते. कानावर उपचार मात्र करवून घेतलेच पाहिजेत.

सारांश, दिव्यांगत्वाच्या व्याख्या पाठ करविणारे दोन दिवसांचे शिबिर येथे पुरे पडणार नाही. शिक्षकाला निरीक्षण, नोंद आणि भेद करण्याची सवय लागली पाहिजे. २०१४ च्या नियमावलीने द्विवार्षिक बी. एड. अभ्यासक्रमात २० आठवड्यांचा शालेय अनुभव ठेवला. अशा अनुभवकाळातील काही आठवडे आश्रमशाळेत घालवून प्रत्येक छात्राध्यापकाने एका विद्यार्थ्याची सविस्तर नोंद ठेवावी. कारण निवासी आश्रमशाळेत बालक आईवडिलांपासून दूर असतो आणि त्याच्याकडे पाहणारा शिक्षकच असतो. केंद्रपातळीवरील शिक्षण परिषदेत अशा एखाद्या नोंदीची चर्चा विशेष शिक्षकासमवेत व्हावी. वरोऱ्याजवळील आनंदवनात अंध व कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या शाळा आहेत. अशा शाळांतील अध्यापकांचा अनुभव प्रशिक्षणासाठी मिळविता येण्यासारखा आहे.

चूक दोन्ही बाजूंनी होते. निरोगी बालकाला अक्षम ठरविणे ही एक. आणि खरोखर अक्षमता असलेल्या बालकाला ‘भाषा येत नाही, पुढे सुधारेल’ असे म्हणून शाळा सुटेपर्यंत तसेच राहू देणे, ही दुसरी. दुसरी चूक कोणाच्या नजरेस येत नाही, म्हणून ती अधिक घातक होय. या दोन्ही चुका टाळण्याचे सामर्थ्य शिक्षकाच्या ठायी निर्माण करणे, हेच प्रशिक्षण-विभागांचे प्रधान कर्तव्य आहे.