भूक, खुबा आणि पिल्लाची आई

नाशिकला माझ्या बहिणीच्या रो-हाऊसमध्ये गेल्या दिवाळीत एकच वाद पेटला होता. भाच्याला जर्मन शेफर्ड हवा होता, भाचीला लॅब्रेडॉर. घरात ही दोन शाळकरी मुलं, पंचाहत्तरी ओलांडलेले सासरे, नोकरी करणारे दोघं नवराबायको आणि पुढे चार पावलांचं अंगण. "मावशी, तू सांग, दोघांत जास्त प्रेमळ कोण?" असं म्हणून भाचीनं तो वाद माझ्यापुढे आणून ठेवला.

प्रेमळपणा जातीवरून फारसा ओळखता येत नाही, हे आधी मला मुलांना सांगावं लागलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यांतल्या दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए वाचला. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकण्याची वृत्ती त्यातल्या त्यात जातीशी जास्त जुळते, पण कुत्रा किती चटकन बिथरेल, याचा अंदाज जातीवरून जवळपास बांधताच येत नाही.

शरीराचं तसं नाही. जात निवडताना आपण खरं तर एक शरीर घरी आणत असतो, आणि दहा-बारा वर्षं सांभाळायचं असतं ते हेच. म्हणून मी मुलांशी पुढचं सगळं बोलले ते लॅबच्या पोटाबद्दल आणि शेफर्डच्या खुब्याबद्दल.

लॅब खादाड असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागचं कारण मात्र केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक लहानसा तुकडा गळालेला असतो. हे जनुक मेंदूला भुकेविषयी निरोप पाठवणारी द्रव्यं तयार करतं. तुकडा गळाला की त्यातली काही द्रव्यं बनतच नाहीत. याच गटानं पुढे एक साधा, सुंदर प्रयोग केला. न्याहारी होऊन तीन तास झालेल्या लॅबसमोर पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. दिसतंय, वास येतोय, पण खाता येत नाही. जनुकात बदल असलेले कुत्रे ते मिळवण्यासाठी इतरांपेक्षा कितीतरी जास्त धडपडले. पण त्यांना हवं तेवढं खायला दिलं तेव्हा ते इतरांहून जास्त जेवले नाहीत. म्हणजे त्यांचं पोट भरतं, पण दोन जेवणांच्या मधे भूक लवकर पेटते. शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. भूक जास्त आणि खर्च कमी, अशा दुहेरी कात्रीत ते प्राणी जगत असतात. जाड लॅब पाहून त्याला हावरट म्हणणं मला तेव्हापासून जड जातं.

मदतनीस कुत्रे म्हणून निवडलेल्या लॅबमध्ये हा बदल आणखी जास्त आढळला, बहुधा खाऊसाठी काहीही शिकायची त्यांची तयारी असते म्हणून. म्हणजे मुलांना जो गुण आवडतो, तोच घरातल्या आजोबांच्या हाती धोक्याचा ठरतो. पोळीचा तुकडा, बिस्किटाचा कोपरा, दिवसातून आठ वेळा. एका जुन्या, दीर्घ अभ्यासात लॅबच्या २४ जोड्या पिल्लं असल्यापासून पाळल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, त्यांची भावंडं ११ वर्षांच्या थोडं पुढे गेली.

आणि नाशिक म्हणजे द्राक्षं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं, असा अलीकडचा कयास आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. पंगतीतलं आमटी-भाताचं उरलंसुरलं कुत्र्याला घालायची आपली सवय म्हणूनच सोडायला हवी. कांदा-लसूणही त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

आता शेफर्ड. आमच्या लहानपणी त्याला 'अल्सेशियन' म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला होता, त्यातून हे नाव आलं. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या जर्मन अधिकाऱ्यानं १८९९ मध्ये ही जात नोंदवायला सुरुवात केली. तिचं मूळ काम मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनं दिवसभर फेऱ्या मारण्याचं. चालतं कुंपणच ते! दिवसभर धावू शकणारं शरीर सकाळच्या पंधरा मिनिटांच्या फिरण्यावर शांत राहील, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

शिवाय त्याचा खुबा. सांध्याची वाटी उथळ राहिली की मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, घासत राहतो, आणि पुढे संधिवात जडतो. हा त्रास लॅबलाही होतो, शेफर्डला जास्त. दोष आनुवंशिक खरा, पण पिल्लाचे पहिले महिनेही त्यात भर घालतात. नॉर्वेमध्ये मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांना धोका जास्त दिसला, मोकळ्यावर बिनपट्ट्याचं बागडणाऱ्यांना कमी. बहिणीच्या घरात तर झोपायच्या खोल्या वर! आपल्याकडे 'हाडं बळकट होतील' म्हणून पिल्लाला कॅल्शियमचं सिरप पाजतात, तेही थांबवायला हवं. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम नाकारू शकत नाही आणि मोठ्या जातीच्या वाढत्या हाडांना ते बाधतं. नसबंदीची घाईही नको. वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या शेफर्डमध्ये सांध्यांचे विकार सुमारे तिप्पट आढळले आहेत.

उन्हाचा त्रास दोघांनाही सारखाच. दोघांच्या अंगावर दुहेरी केस, आणि घाम जवळपास फक्त तळव्यांना. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत फिरवून आणता येत नसेल, तर दोन्ही जातींचा विचार सोडावा.

मी लॅब सुचवला. आजोबांना पट्टा धरून रोज तासभर चालणं शक्य नाही आणि बहीण सातला घरी येते. भाचा दोन दिवस रुसला. मग त्यालाच बरोबर घेऊन आम्ही पिल्लं पाहायला गेलो. पहिल्या ठिकाणी वंशावळीचे कागद चकचकीत होते, पण पिल्लांची आई दाखवायला ते तयार नव्हते आणि खुब्याचा एक्स-रे हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. वंशावळ म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. आम्ही परत आलो. दोन महिने थांबल्यावर दुसरीकडे पिल्लांची आई स्वतः शेपूट हलवत पुढे आली, भाच्याचा हात हुंगून त्याच्या पायाशी बसली. आईबापांचे एक्स-रे पशुवैद्याच्या शेऱ्यासह हजर होते. तिच्या वेतातलं आठ आठवड्यांचं काळं पिल्लू भाच्यानंच उचललं. माणसं, आवाज, रिक्षा, पाहुणे यांची सवय लागायचं वय तीन महिन्यांच्या आसपास संपत येतं, म्हणून लसीकरण सांभाळत त्यानं पहिला महिना त्याला कडेवर घेऊन कॉलनीभर फिरवलं. जिनाही कडेवरच.

आता रोज सकाळी बहीण दिवसभराचे दाणे वजन करून स्टीलच्या एका डब्यात काढते. झाकणावर भाचीनं आजोबांचं नाव लिहिलंय. आजोबांनी किती वेळा द्यायचं यावर बंधन नाही, पण द्यायचं ते त्याच डब्यातून.