ग्राउंड लूप
ग्राउंड लूप : धावपट्टीवर उतरलेले विमान वैमानिकाच्या ताब्यातून सुटून जमिनीवरच गरकन वळण्याचा प्रकार. शेपटीखाली चाक असलेल्या हलक्या विमानांत, विशेषतः आडव्या वाऱ्यात, तो अधिक आढळतो. शेपटीच्या उभ्या पृष्ठावर वारा आदळल्याने विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेने वळू लागते. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे हे अल्पसे वळण जडत्वाने वाढतच जाते. अखेर बाहेरील बाजूचा पंख जमिनीला घासतो; कधीकधी चाकाचा आधारदंडही मोडतो. २० नॉट वेगाचा वारा धावपट्टीशी ३०° कोन करीत असल्यास त्याचा आडवा घटक १० नॉट भरतो. चाके टेकली म्हणजे धोका टळला, हा नवशिक्यांचा समज घातक ठरतो. कारण वेग घटत जातो तसा सुकाणूवरील हवेचा प्रवाह मंदावतो व सुकाणूचा प्रभाव ओसरतो. म्हणून विमान पूर्णपणे थांबेपर्यंत सुकाणूवरील पाय सैल सोडता येत नाहीत. वाऱ्याकडील पंख उचलला जाऊ नये यासाठी त्याचे एलेरॉन वर वळवून ठेवतात व वेग कमी होईल तसे ते अधिक वळवितात. १९५६ मध्ये प्रचारात आलेल्या सेस्ना १७२ सारख्या विमानांत तिसरे चाक नाकाखाली असते. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ती आपोआप सरळ होऊ पाहतात. तथापि जोराच्या आडव्या वाऱ्यात तीही धावपट्टीबाहेर घसरू शकतात.