शोकाचे वर्ष आणि सेवेची वाट

सार्वजनिक कार्यात आयुष्य वेचलेल्या व्यक्तीच्या घरी मृत्यू घडला की सांत्वनास येणारे बहुधा एकच सल्ला देतात : ‘आता कामात मन गुंतवा.’ त्यामागील हेतू प्रेमळ असतो. परंतु हा सल्ला फार लवकर दिला गेला, तर शोक ओसरण्याऐवजी आत दडपला जाण्याची भीती असते. या दृष्टीने रमाबाई रानडे यांचे चरित्र आजही मार्गदर्शक आहे.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे निधन झाले. बालवयात सासरी आलेल्या रमाबाईंना लिहिण्यावाचण्याची गोडी पतीनेच लावली होती. त्यामुळे पतीबरोबर त्यांचा गुरूही गेला. त्या मुंबईहून पुण्यास आल्या आणि सुमारे वर्षभर सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. त्या काळी विधवेचा एकांतवास ही पुष्कळदा जन्मभराची सक्ती असे. रमाबाईंचा एकांतवास मात्र संपला. पुढे त्या कारागृहातील स्त्रियांना भेटू लागल्या, रुग्णांची विचारपूस करू लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि अनेक स्त्रियांना शिक्षणाची व परिचर्येच्या व्यवसायाची वाट मिळाली. १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सेवेने स्मृती पुसली नाही. दोन्ही एकत्र नांदल्या.

यातून घ्यावयाचा बोध असा, की शोकाला त्याचा अवधी द्यावा आणि सेवेकडे परतण्याचे दारही उघडे ठेवावे.

ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय वा विश्वस्त मंडळाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी वियोगानंतर काही आठवडे ती सहकाऱ्याकडे सोपवावी. राजीनाम्याचा किंवा मोठ्या आर्थिक व्यवहाराचा निर्णय शक्यतो लांबणीवर टाकावा. परतताना आठवड्यातून एखादा तासच द्यावा. आरंभी हिशेब आणि वादविवाद यांपेक्षा माणसांशी बोलण्याचे काम घ्यावे. याउलट, तेराव्यानंतर लगेच कामाला जुंपून घेणारा आणि घरी क्षणभरही न थांबणारा मनुष्य ‘सावरला’ असे कुटुंबाने गृहीत धरू नये. गेलेल्या व्यक्तीचे नाव घरात मोकळेपणाने घेतले जावे.

काळजीवाहकांनी जेवण, झोप आणि नेहमीची औषधे यांवर लक्ष ठेवावे. दुःखात रक्तदाबाची गोळी सहज विसरते. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होऊ शकतो. ‘ताकोत्सुबो’ नावाचा हा विकार विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळतो. छातीत दुखणे वा धाप लागणे हे ‘दुःखामुळे होत असेल’ म्हणून अंगावर काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

शोकाची तीव्रता सहा महिन्यांनंतरही तशीच राहिली आणि दैनंदिन व्यवहार ठप्प झाले, तर तो प्रदीर्घ शोकविकार असू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द कानी आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. हा क्रमांक दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.