यंत्र कपाटात ठेवू नका

घोरणारा माणूस गाढ झोपतो, असा आपल्याकडे समज आहे. आमचाही तोच होता. पुढे कचेरीत फायलीवर डुलक्या येऊ लागल्या, तेव्हा घरच्यांनी सांगितले, 'रात्री तुमचा श्वास मध्येच थांबतो!' तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. यात झोपेत घसा मिटतो, १० सेकंद वा अधिक श्वास अडतो, दचकून जाग येते. रात्रभर हेच चालते. २०२२ साली मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

यावर सीपॅप यंत्र असते. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत मांडली.

पण जुने शहरातला उन्हाळा, त्यात कुलरच्या गवताची धूळ! नाक चोंदले आणि आम्ही यंत्र कपाटात ठेवले. आठवड्यात थकवा परत आला.

डॉक्टर म्हणाले, 'यंत्र सोडू नका, नाक मोकळे करा.' उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. मास्क रोज धुवावा, फिल्टर वेळेवर बदलावा. हवा ओलसर करणारे भांडे यंत्राला जोडावे. तोंडातून हवा निसटत असल्यास तोंड झाकणारा मास्क मागावा. नाकाचे थेंब मनाने फार दिवस घालू नयेत. नाक उलट जास्त चोंदते. तरीही थकवा राहिला तर यंत्राचा दाब, हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घ्यावे.

बांधवांनो, ऑटो चालवताना किंवा दालमिलच्या पट्ट्याजवळ लागलेली एक डुलकी घर उघड्यावर आणते. घोरणे हसण्यावारी नेऊ नका.