मूळ संख्येची कसोटी आणि मात्रावृत्तांचे गणन

दोनच्या १२७ व्या घातातून एक वजा केल्यास १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ संख्या असल्याचे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला अन्य विभाजक नसल्याचे, फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये प्रतिपादिले. त्यानंतर १९५१ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या ज्ञात नव्हती.

विभाजक एकेक करून तपासावयाचे, तर वीस अंकी संख्यांपर्यंत जावे लागले असते. ल्युका यांनी तो मार्गच टाळला. त्यांच्या कसोटीत तीनपासून आरंभ होतो. प्रत्येक पदाचा वर्ग करून त्यातून दोन वजा करावयाचे आणि तपासावयाच्या संख्येने भागून उरणारी बाकी पुढील पद मानावयाची. दोनच्या सातव्या घातातून एक वजा करून येणाऱ्या १२७ या संख्येसाठी ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी पदे येतात. सहावे पद शून्य, म्हणून १२७ मूळ. उपर्युक्त ३९ अंकी संख्येसाठी १२६ वे पद शून्य येते. घातांक स्वतः मूळ असून त्याला चारने भागल्यास तीन उरत असतील, तर ही कसोटी लागू पडते. तिची नकारात्मक बाजूही लक्षणीय आहे. मर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदविलेली, दोनच्या ६७ व्या घातातून एक वजा करून येणारी संख्या संयुक्त असल्याचे ल्युका यांनी १८७६ मध्येच दाखविले. तिचे अवयव मात्र एफ. एन. कोल यांनी १९०३ मध्ये दिले. अवयव अज्ञात असतानाही त्यांचे अस्तित्व सिद्ध होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

कसोटीतील ३, ७, ४७ ही पदे १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ या श्रेणीतील आहेत. प्रत्येक पद मागील दोन पदांची बेरीज, हा तिचा नियम. याच नियमाच्या १, २, ३, ५, ८ या श्रेणीला फिबोनाच्चीचे नाव ल्युका यांनीच रूढ केले. फिबोनाच्चीचा ग्रंथ १२०२ चा; परंतु त्यापूर्वीच विरहांक आणि हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांनी हा नियम सांगितला होता. मात्रावृत्ताच्या चरणातील शेवटचे अक्षर लघू असल्यास आधी एक मात्रा कमी उरते, गुरू असल्यास दोन. म्हणून रचनांची संख्या मागील दोन संख्यांच्या बेरजेइतकी होते. चार मात्रांच्या रचना पाच, पाच मात्रांच्या आठ.

हे साम्य प्रभावाचा पुरावा ठरत नाही. एक आणि दोन अशी दोन मापे एकापुढे एक मांडली की हा नियम आपोआप उद्भवतो. त्यासाठी परंपरांमध्ये संपर्क असण्याची गरज नाही. तौलनिक अभ्यासात महत्त्वाचा ठरतो तो प्रश्नांमधील भेद. छंदःशास्त्रकारांना संभाव्य रचनांची गणती हवी होती. ल्युका यांना एका संख्येची अविभाज्यता सिद्ध करावयाची होती. नियम समान असला, तरी त्याला अर्थ देणारी जिज्ञासा त्या त्या परंपरेची स्वतःची होती.